शोकावर पडलेला विजयाचा पडदा

हरून परतणाऱ्या खेळाडूंचें विमान घराच्या उंबरठ्यावर कोसळावें, ही घटना मूळचीच इतकी करुण आहे कीं तीवर बोलपट काढणारानें स्वतः फार बोलूं नये. २००६ सालीं निघालेल्या ‘वुई आर मार्शल’ या अमेरिकन बोलपटाचे दिग्दर्शक मॅकजी यांस हा संयम पूर्वार्धांत साधला आहे. उत्तरार्धांत तो सुटला आहे.

मूळ हकीकत अशी. १४ नोव्हेंबर १९७० रोजीं वेस्ट व्हर्जिनियांतील मार्शल विद्यापीठाचा फुटबॉल-संघ ईस्ट कॅरोलिनाकडून १७-१४ असा हरून भाड्याच्या विमानानें हंटिंग्टनला परतत होता. पावसाच्या त्या धूसर रात्रीं धावपट्टी दृष्टीस पडण्यापूर्वींच विमान ठरलेल्या उंचीच्या खालीं आलें, आणि विमानतळाअलीकडील टेकडीवरच्या झाडांस धडकलें. आंत ७५ माणसें होतीं. एकहि वांचलें नाहीं. त्यांत ३७ खेळाडू होते, आणि संघाबरोबर हौसेनें गेलेली गांवची प्रतिष्ठित मंडळीहि होती.

पुणें जिल्ह्यांतील वाचकांस, १९६२ च्या जुलैंत मुंबईकडे येतांना असेंच वेळेपूर्वीं खालीं उतरून जुन्नरच्या डोंगरावर आदळलेलें इटालियन विमान आठवेल. तेथें ९४ जण गेले. परंतु ते बहुतेक एकमेकांस अनोळखी, त्यांचा शोक अनेक देशांत वांटला गेला. संघाचें विमान पडतें तेव्हां सारा भार एकाच गांवावर येतो. भीमा आणि मुळा-मुठा यांच्या बेचक्यांतील राहूसारख्या गांवचा कबड्डीचा संघ एका गाडींतून सामन्यास निघतो, तेव्हां त्या गाडींत किती घरें बसलेलीं असतात, हें मनांत आणलें म्हणजे हंटिंग्टनचें दुःख समजूं लागतें.

हें दुःख बोलपटांत प्रथम चांगलें उतरलें आहे. अपघात न दाखवितां पडदा एकदम काळा केला आहे. मोटारीनें परतल्यामुळें वांचलेला साहाय्यक खेळशिक्षक रेड डॉसन, त्याचा अपराधी अबोला मॅथ्यू फॉक्स यानें फार समजून दाखविला आहे. पुढें नवा शिक्षक जॅक लेंगेल याच्या भूमिकेंत मॅथ्यू मॅकॉनहे येतो, आणि सूर पालटतो. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांस खेळविण्याची खास परवानगी मिळते. २५ सप्टेंबर १९७१ रोजीं झेव्हियरविरुद्ध अगदीं शेवटच्या खेळींत संघ १५-१३ असा जिंकतो.

हें सर्व खरें आहे. आमचा आक्षेप विजयास नाहीं, त्याच्या मांडणीस आहे. इतक्यांत पुन्हा खेळ कशासाठीं, असें विचारणारा एका मृत खेळाडूचा पिता (पात्र कल्पित, पण प्रश्न खरा) पटकथेनें उभा केला, आणि त्यास उत्तर मिळण्यापूर्वींच सामना सुरू झाला! मग वाद्यांचा असा कल्लोळ कीं त्या एका खेळीनें ७५ मृत्यूंचा हिशेब चुकता झाला असें वाटावें. वस्तुतः त्या वर्षीं संघ दोनच सामने जिंकला आणि आठ हरला. तरीहि तो खेळत राहिला, यांत आम्हांस अधिक धैर्य दिसतें.

विद्यापीठाच्या आवारांत १९७२ पासून एक स्मारक-कारंजें आहे. दरवर्षीं १४ नोव्हेंबरला मृतांचीं नांवें वाचून त्याचें पाणी बंद करतात, तें वसंत येईपर्यंत बंदच असतें. बोलपटाचा आरंभ या थांबलेल्या पाण्यापासून होतो. शेवटीं मात्र मैदानावर गर्दी आणि गजर आहे.