वाङ्मयातील आसूड

आपल्याकडील ग्रंथपरीक्षणांत एक वाक्य वारंवार भेटते : 'लेखकाने समाजातील दांभिकतेवर आसूड ओढले आहेत.' कधी आसुडाच्या जागी कोरडे येतात, कधी चाबकाचे फटकारे येतात. वाक्याचा साचा मात्र तोच राहतो. विनोदी लेखाची स्तुती करावयाची असो, सामाजिक नाटकाची असो की एखाद्या शाहिराच्या कवनाची असो, हे वाक्य हाताशी असतेच. वर्गात शिकविताना आम्हीही ते कितीतरी वेळा उच्चारले आहे आणि उत्तरपत्रिकांतून ते जसेच्या तसे परत आले तेव्हा त्यास गुणही दिले आहेत. परंतु ते वाक्य नेमके काय सांगते, याचा विचार आम्ही फारसा केला नव्हता. आसूड ही मालकाच्या हातातील वस्तू. ती लेखकाच्या हाती कोणत्या अधिकाराने आली, आणि ती उचलल्यावर लेखक कोणाच्या बाजूस जाऊन उभा राहिला, हे प्रश्न त्या साच्याखाली झाकून गेले आहेत. ते उघडे करून पाहावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत या वस्तूस नावे पुष्कळ आहेत आणि प्रत्येक नावाचे बिऱ्हाड निराळे आहे. आसूड शेतकऱ्याचा, काठीच्या टोकास चामड्याची वादी लावलेला, बैलांसाठी केलेला. चाबूक हा शब्द फारसीतून आला आणि घोड्यांच्या संगतीने राहिला. कोरडा पोतराजाच्या खांद्यावर असतो. छडी शाळेची. प्रतोद हा संस्कृत शब्द सारथ्याचा. तोच आज विधिमंडळात 'पक्षप्रतोद' होऊन बसला आहे. इंग्रजांच्या संसदेने हे पद शिकारी कुत्र्यांचा कळप एकत्र हाकणाऱ्या माणसाच्या नावावरून घेतले. आम्ही त्याचे भाषांतर करताना रथाकडे वळलो, एवढाच फरक.

या सर्व नावांत एक गोष्ट समान आहे. यांपैकी एकही वस्तू शस्त्र नव्हे. तलवार शत्रूवर उगारली जाते, आणि शत्रूच्याही हाती तलवार असू शकते हे उगारणारा जाणून असतो. शस्त्र समोरच्यास निदान प्रतिस्पर्धी तरी मानते. आसूड ज्याच्यावर उगारला जातो तो जीव मारणाऱ्याच्या मालकीचा असतो, त्याच्या गाडीला जुंपलेला असतो. म्हणून माणसावर आसूड पडतो तेव्हा वेदनेच्या आधी एक विधान घडते : तू माणूस नव्हेस, माझे जनावर आहेस. राजदंड, सिंहासन, छत्र ही सत्तेचीच प्रतीके होत. पण ती दूर उभ्या असलेल्या प्रजेस दाखवावयाची असतात. आसूड हे स्वामित्वाचे प्रतीक आहे, आणि ते पाठीवर वाचावे लागते. ज्या साहित्यकृतीत हे विधान ऐकू येते आणि त्यास उत्तरही मिळते, तीच आसुडाचा खरा उपयोग करते असे आम्हांस वाटते. जिथे केवळ क्रौर्य दाखविण्यासाठी चाबूक कडाडतो, तिथे तो नाटकमंडळीच्या सामानापैकी एक होऊन राहतो.

हा भेद आमच्या प्राचीन ग्रंथकारांस चांगला ठाऊक होता. भीष्मपर्वातील नवव्या दिवसाचा प्रसंग आठवावा. अर्जुन पितामहांवर मनापासून बाण टाकीत नाही, हे पाहून श्रीकृष्ण रथाखाली उडी घेतो आणि भीष्मांकडे धावतो. तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती चक्र होते. या दिवशी हाती आहे तो प्रतोद. न लढण्याची प्रतिज्ञा केलेल्या सारथ्याच्या हाती जे असावयाचे तेच. हा प्रसंग सामान्यतः भक्तवात्सल्याचा म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र त्यातील विसंगती अधिक बोलकी वाटते. घोड्यांसाठी असलेली वस्तू कुरुकुलातील सर्वांत वंद्य पुरुषावर उगारली गेली आहे. भीष्म धनुष्य हाती असूनही या सारथ्याचे स्वागत करतात; अर्जुन मागून धावत येऊन कृष्णाचे पाय धरतो, आणि दहाव्या पावलावर तो थांबतो. प्रतोद भीष्मांच्या अंगास लागत नाही. लागला असता तर त्या महायुद्धाची पातळीच बदलली असती. क्रोधाने उचललेली वस्तू मर्यादेने थांबविली, यातच त्या प्रसंगाचे मोल आहे.

नियंत्रणासाठी आसूड लागतोच असेही नाही. कठोपनिषदातील रथाचे रूपक सर्वांच्या परिचयाचे आहे. आत्मा रथी, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. या मोजदादीत चाबकास जागा नाही. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादातही आत्म्यास रथाची उपमा आहे. तेथे दोन घोडे आहेत, आणि त्यांतील काळा, अडेल घोडा चाबूक व पराणी यांनाही जेमतेम दाद देतो. दोन्ही रूपके संयमाचीच आहेत, परंतु एकाने लगामावर भागविले आणि दुसऱ्यास चाबूक लागला. लगामाची दोन टोके असतात. घोड्याची ओढ सारथ्याच्या हातास कळते. चाबकातून मारणाऱ्याच्या हातास काहीच परत येत नाही. नियंत्रण आणि हुकमत यांतील अंतर याहून थोडक्यात सांगता येईल असे वाटत नाही.

अर्वाचीन वाङ्मयात हे स्वामित्वाचे विधान सर्वांत भयानक रीतीने ऐकू येते ते दस्तयेव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' (१८६६) या कादंबरीतील एका स्वप्नात. रास्कोल्निकोव्ह स्वप्नात सात वर्षांचा मुलगा झाला आहे. गुत्त्याबाहेर मिकोल्का नावाचा एक शेतकरी आपल्या मरतुकड्या घोडीच्या गाडीत दारुड्यांची गर्दी भरतो आणि तिला धावावयास लावतो. चाबकाने ती हलत नाही, तेव्हा दांडा येतो, पुढे लोखंडी पहार येते. कोणी हटकले की मिकोल्काचे उत्तर एकच : घोडी माझी आहे. शेवटी तो लहान मुलगा मेलेल्या घोडीच्या तोंडास मिठी मारतो. हे वर्णन करुण आहे एवढे म्हणून थांबणे म्हणजे अर्धेच वाचणे होय. जागा झाल्यावर त्याच स्वप्नातील बालकाच्या हातून कुऱ्हाडीने खून व्हावयाचा आहे. मिठी मारणारा आणि मारणारा एकाच माणसात राहतात, हे लेखकास सांगावयाचे आहे. आणि 'माझी आहे' हे शब्द तो मिकोल्काच्या तोंडून वदवितो म्हणूनच, कोणाच्याही जीवावर आपला हक्क आहे असे मानणाऱ्या विद्यार्थ्याचे तत्त्वज्ञान आपणांस पुढे नग्न स्वरूपात दिसते.

आपल्या देशात हे विधान नाट्यरूपाने पुढे आले ते दीनबंधू मित्र यांच्या 'नीलदर्पण' (१८६०) या बंगाली नाटकात. निळीच्या मळ्याचे गोरे मालक रयतेस ज्या चामडी वस्तूने झोडपतात तिचे नाव या नाटकात 'श्यामचाँद' असे आहे. श्यामचाँद हे कृष्णाचे नाव. कुरुक्षेत्रावर ज्याने प्रतोद आवरला त्याचेच नाव येथे प्रतोदास मिळाले आहे! नाटककार या नावावर भाष्य करीत नाही. ते मळ्यातील नित्याच्या बोलण्यासारखे पात्रांच्या तोंडी येते, आणि म्हणूनच ते अधिक झोंबते. जुलूम जुना झाला की त्यास लाडके नाव मिळते. या नाटकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल १८६१ मध्ये रेव्हरंड जेम्स लाँग यांना एक महिना कारावास व एक हजार रुपये दंड झाला. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंह यांनी तत्काळ भरली. श्यामचाँद वापरणाऱ्यांना त्याचे वर्णन सहन झाले नाही, असा या खटल्याचा अर्थ आम्ही लावतो.

आता दुसरी बाजू. ज्याच्या पाठीवर आसूड पडला तो बोलू लागला तर काय सांगतो? अमेरिकेतील फ्रेडरिक डग्लस हे गुलामगिरीतून निसटलेले गृहस्थ. त्यांचे आत्मनिवेदन १८४५ मध्ये प्रसिद्ध झाले. गुलामांस 'वठणीवर आणण्यात' नाव कमावलेल्या कोव्ही नामक शेतकऱ्याकडे त्यांना ठेवले होते. अनेक वेळा फटके खाल्ल्यावर एके दिवशी डग्लस यांनी त्याचा गळा धरला. झटापट सुमारे दोन तास चालली, आणि त्यानंतर कोव्हीने त्यांच्या अंगास हात लावला नाही. त्याने त्यांना शिपायांच्या स्वाधीन का केले नाही, याचे डग्लस यांना सुचलेले कारण मननीय आहे : तसे केले असते तर एका पोराने आपल्याला दाद दिली नाही हे जगजाहीर झाले असते आणि त्याचा लौकिक बुडाला असता. आसुडाचे बळ चामड्यात नसून दराऱ्यात असते, हे येथे उघड होते. आणि डग्लस यांनी कोव्हीचा चाबूक स्वतःच्या हाती घेतला नाही. या दृष्टीने फ्रान्झ काफ्काचे एक छोटे टिपण जोडीस ठेवून वाचावे. त्यात एक जनावर धन्याच्या हातून चाबूक हिसकावून घेते आणि आपणच धनी व्हावे म्हणून स्वतःस मारू लागते. ही कल्पनाही धन्याच्या चाबकातील नव्या गाठीने त्याच्या मनात उपजविलेली असते, हे त्यास कळत नाही. हात बदलल्याने आसुडाचा स्वभाव बदलत नाही, असा हा इशारा आहे.

हा इशारा मनात ठेवून आपण मराठीकडे येऊ. आमच्या भाषेत तर 'फटका' हा एक काव्यप्रकारच आहे, आणि संगमनेरच्या अनंत फंदींनी (१७४४–१८१९) त्यास प्रतिष्ठा दिली. फटक्यातला उपदेश कडक असतो, पण तो गावातल्या वडीलधाऱ्याचा असतो. सांगणारा आणि ऐकणारा एकाच पारावर बसलेले असतात. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा त्यांनी याहून मोठी उलथापालथ केली. त्या नावातील षष्ठी पाहावी. जन्मभर बैलामागे चालणाऱ्या, आणि स्वतःही भटभिक्षुक, सावकार व सरकारी कामगार यांच्या जुवाखाली असलेल्या माणसाच्या हातातील ती वस्तू. बैलांवर उगारावयाचा आसूड ग्रंथ झाला आणि वाचकांपुढे आला.

मग काफ्काच्या जनावराचा आक्षेप फुल्यांस लागू पडतो काय? आमच्या मते नाही, आणि त्याचे कारण ग्रंथातच आहे. हा आसूड कोणावर मालकी सांगत नाही. चौथ्या प्रकरणात कर्जबाजारी शेतकऱ्याची दैना आणि त्याचे घरदार यांचे जे तपशीलवार वर्णन आहे ते आत वावरलेल्या माणसाचे आहे. पाचव्या प्रकरणात तळी-बंधारे, जनावरांची जोपासना, शिक्षण यांविषयीच्या सूचना आहेत. बहुपत्नीत्व व बालविवाह या शेतकऱ्यांच्या स्वतःच्या चालींसही तेथे सोडलेले नाही. लेखक ज्यांच्या वतीने बोलतो त्यांच्या पाठीसही तो आसूड लागतो. त्यामुळे लेखकाच्या पाठीसही लागतो. या ग्रंथाचे काही भाग फुल्यांनी ठिकठिकाणी वाचून दाखविले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले. उलट, पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू' पत्रात छापल्यावर नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढील प्रकरणे छापली नाहीत, आणि फुले त्यांच्यावर रुष्ट झाले. लोखंडे हे फुल्यांचे सहकारी आणि कामगारांचे कैवारी. ज्याने आसूड ऐकला तो राजा होता आणि ज्याचा हात कचरला तो मित्र होता. लेखणीचा आसूड प्रथम कोठे जाणवतो हे आधी सांगता येत नाही, एवढे यावरून दिसते.

विनोदी वाङ्मयातील उदाहरण घ्यावयाचे तर श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे' पुढे येते. यावरील कोणतेही टिपण उघडावे, आरंभी उल्लेखिलेले वाक्य तेथे हजर असते. पण कोल्हटकरांनी रूढींची थट्टा केली ती उंचावर उभे राहून नव्हे. त्यांचा सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या त्या रूढींचे निष्ठावंत उपासक आहेत. फजिती होते ती निवेदकाची. येथे लेखकाची तुलना चाबूकवाल्या मालकाशी करण्यापेक्षा पोतराजाशी करणे आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते. तोही कोरडा आभाळात कडाडवितो, पोरेबाळे घाबरून मागे सरतात. आणि मग तो फटका त्याच्याच उघड्या अंगावर उतरतो. तुलना येथेच थांबवावी हे बरे, कारण पोतराजाच्या अंगावरील वळ खरे असतात आणि ते त्याच्या पोटासाठी असतात.

सारांश, 'आसूड ओढले' हे वाक्य वर्गातून हद्दपार करावे असे आमचे म्हणणे नाही. ते लिहिणाऱ्यास पुढचे तीन प्रश्न विचारावेत. आसूड कोणाच्या हातातला? तो कोणाच्या पाठीवर? आणि ओढणारा त्या पाठींच्या रांगेत उभा आहे की बाहेर? मिकोल्का बाहेर आहे. 'नीलदर्पण'मधील मळेवाले बाहेर आहेत. फुले आत आहेत, कोल्हटकरांचा सुदामा आत आहे. जो लेखक बाहेर उभा राहून समाजास झोडपतो त्याचे शब्द कितीही झणझणीत असोत, त्याने अजाणता मालकाचीच जागा घेतलेली असते, आणि आपण त्यास निर्भीड म्हणून गौरवितो.

आणि हेच प्रश्न आम्हां शिक्षकांस व परीक्षकांसही लागू आहेत. आमच्या पिढीने शाळेत छडी खाल्ली आणि पुढे तीच छडी हाती घेतली. छडी खाली ठेवल्यावरही तिचा स्वर आमच्या लाल शाईत राहिला. एखाद्या नव्या लेखकाच्या पुस्तकावर लिहिताना, अथवा विद्यार्थ्याच्या वहीवर शेरा मारताना, आपल्या हाती लगाम आहे की चाबूक, समोरच्याची ओढ आपल्या हातास कळते की नाही, हे क्षणभर थांबून पाहिले तरी या विवेचनाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.