नावामागची श्रद्धा

फँटसी कादंबरीतल्या पात्राचं नाव कोणत्या धर्मग्रंथातून आलं, हे हुडकण्यात वाचक रमतात. समीक्षेने मात्र तिथे थांबू नये. नावाबरोबर एक श्रद्धा आणि एक जुनी कथाही येते. लेखक त्यांचं पुढे काय करतो, यावर त्या नावाची किंमत ठरते.

रॉबर्ट जॉर्डन यांच्या १९९० साली सुरू झालेल्या ‘द व्हील ऑफ टाइम’मध्ये अशा नावांची रेलचेल आहे. काळाचं चक्र फिरतं आणि एका युगाचा इतिहास दुसऱ्या युगात दंतकथा होऊन उरतो, या कल्पनेत अशी ओळखीची नावं शोभतातही. पण ‘टोबिट’च्या ग्रंथातला अस्मोडियस हा सारा नावाच्या स्त्रीचे सात नवरे मारणारा राक्षस. जॉर्डनचा अस्मोडियन संगीताच्या ओढीने अंधाराला विकला गेलेला कलावंत. पात्र उत्तम उतरलं आहे, पण नावाने त्यात काहीच भर घातलेली नाही.

सी. एस. लुइस यांचं उदाहरण याच्या नेमकं उलट. त्यांच्या कादंबरीत १९५० साली अवतरलेल्या अस्लानचं नाव तुर्की, अर्थ नुसता ‘सिंह’. तरीही एडमंड नावाच्या मुलाच्या द्रोहाचं प्रायश्चित्त स्वतः भोगून मरणारा आणि पुन्हा उठणारा हा सिंह ख्रिस्तकथेचा सगळा भार पेलतो.

फिलिप पुलमन परंपरेशी भांडतात, पण आधी ती नीट वाचतात. ज्यू गूढपरंपरेत एनॉख हा माणूस स्वर्गात जाऊन मेटाट्रॉन नावाचा देवदूत होतो. ‘द अँबर स्पायग्लास’मध्ये (२०००) त्याच्यातला माणूस मेलेला नाही. त्याच्या वासनेचा फायदा घेऊन मिसेस कोल्टर त्याला विनाशाच्या खाईपर्यंत नेते. मूळ कथेतल्या माणूसपणातूनच पुलमन यांनी त्याचा अंत घडवला आहे.

आपल्या ओळखीची नावं रॉजर झेलाझ्नी यांच्या ‘लॉर्ड ऑफ लाइट’मध्ये (१९६७) भेटतात. तंत्रज्ञानाच्या बळावर ब्रह्मा, यम, काली बनून बसलेल्या सत्ताधाऱ्यांविरुद्ध कादंबरीचा नायक सॅम बुद्धाचा उपदेश हत्यारासारखा वापरतो. त्याची स्वतःची त्यावर श्रद्धा नाही. त्याला मारायला आलेला रिल्ड मात्र तोच उपदेश ऐकून खरोखर ज्ञानी होतो, सुगत हे बुद्धाचंच नाव धारण करतो आणि यमाला अडवताना प्राण देतो. उसनं नाव इथे एका माणसाने जगून आपलंसं केलं आहे. या साऱ्या परंपरेत मला हे सर्वांत मोठं यश वाटतं.

अमीश यांच्या शिव-त्रयीतही (२०१० पासून) असं एक बळकट स्थळ आहे. ज्या सोमरसाने शिवाचा कंठ निळा होतो, तोच पुढे अनर्थाचं मूळ ठरतो आणि हलाहलाची कथा नव्याने अर्थपूर्ण होते.

आपल्याकडे पुराणातली नावं घेऊन लिहिणाऱ्यांना वाचकाची भक्ती आयती मिळते. पात्र उभं करण्याचं काम त्या भक्तीवर सोपवण्याचा मोह त्यांनी टाळायला हवा. पाटी कोरी असल्यासारखं लिहावं आणि ते नाव पात्राला त्याच्या कृतीतून कमवू द्यावं.