हलगीचा ठेका आणि व्हिडिओ गेममधला आवाज

मूल मोबाइलवर खेळायला बसले की घरातून पहिली सूचना येते ती आवाज बंद करण्याची. शिक्षकांच्या खोलीत व्हिडिओ गेमचा विषय निघाला तरी चर्चा डोळे, वाया जाणारा वेळ आणि पडद्यावरची मारामारी यांच्यापलीकडे सहसा जात नाही. कानाचा विचार झालाच तर तो गोंगाट म्हणून होतो. वास्तविक खेळणाऱ्याच्या मनःस्थितीवर आवाजाचा ताबा चित्रापेक्षा कमी नसतो, पुष्कळदा जास्तच असतो. चित्रपटाचे किंवा पुस्तकाचे करतो तसे या आवाजाचेही परीक्षण करायला हवे, असे आम्हाला वाटते.

त्यासाठी लागणारा मापदंड कोल्हापुरात तयार आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली खुले झाले. आखाडा मध्ये खोलगट आणि भोवती प्रेक्षकांची चढती बैठक अशी त्याची रचना आहे. या मैदानात कुस्ती नुसती पाहिली जात नाही, ती ऐकली जाते. हलगी, घुमके आणि कैताळ यांच्याशिवाय मैदान भरल्यासारखे वाटत नाही. दोन्ही पैलवान एकमेकांचा अंदाज घेत असतात तोवर हलगीवाला हात राखून वाजवतो. पकड बसली, डावाला प्रतिडाव पडू लागला की काड्यांची गती वाढते, आणि तिच्याबरोबर मैदानाचा श्वासही.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कुस्ती दोन मिनिटांत संपेल की अर्धा तास चालेल हे हलगीवाल्याला ठाऊक नसते. त्याच्याजवळ ठरलेल्या लांबीचे संगीत नसते. असते ते पाहणे आणि त्यानुसार ठेका बदलणे. चित्रपटाच्या संगीतकाराची अशी अडचण नसते. त्याला दृश्य किती सेकंदांचे आहे हे आधीच कळलेले असते. व्हिडिओ गेमच्या संगीतकाराची जात म्हणूनच सिनेमापेक्षा आखाड्याला जवळची आहे. खेळणारे मूल पुढच्या दारातून केव्हा जाईल, जाईल की नाही, हे त्याला सांगता येत नाही.

१९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. पडद्यावर परग्रहावरील शत्रूंच्या पाच ओळी, प्रत्येक ओळीत अकरा, असे पंचावन्न शत्रू. ते खाली सरकत येतात आणि खेळणाऱ्याने त्यांना टिपायचे. त्या यंत्राला एका वेळी एकच शत्रू हलवणे जमत असे, आणि असे ते सेकंदाला सुमारे साठ वेळा करी. पंचावन्न शत्रू असताना संपूर्ण फौज एक पाऊल टाकायला जवळजवळ एक सेकंद लागे. शत्रू मरत गेले की उरलेल्यांची पाळी लवकर येई, म्हणजे ते अधिक वेगाने पळत. यंत्राची ही मर्यादाच खेळाचा प्राण ठरली. तिच्या जोडीला चार खर्जाचे स्वर, वरून खाली उतरणारे, एकसारखे वाजत राहत, आणि शत्रूंची संख्या घटत जाईल तशी त्यांचीही लय वाढे. विजय जवळ येतो आहे, आणि छातीत मात्र धडधड वाढते आहे! हलगीवाल्याने जे डोळ्यांनी पाहून केले ते येथे मोजणीने केले.

लय वाढली की धडधड वाढते ही केवळ कल्पना नाही. इटलीतील बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली 'हार्ट' या वैद्यकीय नियतकालिकात चोवीस व्यक्तींवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना सहा प्रकारचे संगीत ऐकवले, त्यात आपल्याकडील रागसंगीतही होते. लय जलद असेल तर श्वासाची गती, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढले. संगीत कोणत्या प्रकारचे किंवा ऐकणाऱ्याच्या आवडीचे आहे की नाही, यापेक्षा लय महत्त्वाची ठरली. याहून आम्हाला मोलाचा वाटतो तो दुसरा निष्कर्ष. मध्येच दोन मिनिटे संगीत थांबवले, तेव्हा शरीर प्रयोगापूर्वीच्या विश्रांतीपेक्षाही अधिक शांत झाले. शांतता हाही संगीताचा भाग आहे असे कलावंत सांगत आले आहेत. येथे ते रक्तदाबमापकानेही सांगितले.

'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) या खेळाचे संगीतकार कोजी कोंदो यांना हे चांगले उमगले होते. त्यांच्या हाताशी होती ती ध्वनीच्या केवळ पाच वाटा असलेली एक चिप. दोन वाटा चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक खरखरीची आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. उघड्यावर खेळकर चाल. जमिनीखाली उतरले की तुटक खर्ज आणि मध्ये मोकळ्या जागा. घड्याळात शंभरापेक्षा कमी वेळ उरला की तीच चाल दुडकी सोडून पळू लागते. मारिओने उडी मारली की त्या आवाजासाठी चौकोनी लहरीची एक वाट संगीताकडून काढून घेतली जाते, आणि चालीतला एक सूर क्षणभर गळतो. कान देऊन ऐकले तर हे कळते. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त खेळ आपल्याकडे घरोघरी आले, त्यांतल्या पुष्कळांतून हाच आवाज येत असे. इतक्या तोकड्या साधनांनी एवढे साधले, हे आज शेकडो वाद्यांचे ध्वनिमुद्रण बाळगणाऱ्यांना साधतेच असे नाही.

आता भीतीकडे वळू. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या 'सावकारी पाश' (१९२५) या मूकपटातील एका दृश्याचा उल्लेख जाणकार आवर्जून करतात. अंधारातील झोपडी आणि रडणारे कुत्रे. चित्रपट मुका, तरी ते रडणे प्रेक्षकाला 'ऐकू' येत असे. बोलपट आल्यावर मात्र आपल्या पडद्याला ध्वनीची जणू हाव सुटली. त्या लाटेत १९३७ साली व्ही. शांताराम यांनी 'कुंकू' केला आणि पार्श्वसंगीत चक्क वगळले. ठेवले ते प्रसंगातले, रोजच्या जगण्यातले आवाज. दोन्ही चित्रपटांच्या मुळाशी ना. ह. आपटे यांचेच लेखन आहे, हा योगायोग गमतीचा. जे कमी दाखवावे किंवा कमी ऐकवावे ते प्रेक्षक स्वतः भरून काढतो, हे कोल्हापूरच्या या मंडळींना फार लवकर समजले होते.

'सायलेंट हिल' (१९९९) या जपानी भयखेळात हाच धडा उलट्या बाजूने गिरवला आहे. गाव दाट धुक्यात बुडालेले. खेळणाऱ्याच्या पात्राजवळ एक छोटा रेडिओ आहे. राक्षस जवळ आला की त्यातून खरखर सुरू होते. दिसत काहीच नाही, पण कळते की काहीतरी आहे. पेंटरांचे कुत्रे दिसत होते, ऐकू येत नव्हते. येथे ऐकू येते, दिसत नाही. आवाजाला माणसाचा प्रतिसाद प्रकाशापेक्षा काही शतांश सेकंद लवकर मिळतो, आणि मागच्या बाजूचे तर फक्त कानालाच समजते. अकिरा यामाओका यांनी या खेळाचे संगीतही यंत्रांच्या घरघरीसारखे बेसूर ठेवले. ही खरखर भीती घालते आणि त्याच वेळी माहितीही देते. चांगल्या आवाजाची कसोटी आम्ही हीच मानतो. तो बंद केला तर खेळणारा आंधळा झाला पाहिजे.

या कसोटीवर आपल्याकडचा 'राजी' (२०२०) कसा उतरतो? पुण्यातील नॉडिंग हेड्स या मंडळींनी केलेला हा खेळ, भावाला सोडवायला निघालेल्या मुलीचा, दिसायला देखणा आहे. संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे असून त्यात भारतीय वाद्यांना भव्य सिनेसंगीताची जोड आहे. ऐकायला ते सुखद आहे यात शंका नाही. तरी ते ऐकताना आम्हाला चित्रपट आठवतो, आखाडा आठवत नाही. हलगीच्या प्रदेशात तयार झालेल्या खेळाकडून आमची अपेक्षा जरा वेगळी होती, इतकेच.

खरी चिंता मात्र दुसरीकडे आहे. मुले जास्त खेळतात ते फुकटचे मोबाइल खेळ. त्यांत नाणी खळखळतात, पेट्या उघडतात, घंटा वाजतात. हे आवाज कोठून आले? कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात माइक डिक्सन आणि सहकाऱ्यांनी जुगाराच्या यंत्रांचा अभ्यास केला आहे. या यंत्रांत वीस पैसे लावून पाच परत मिळाले, म्हणजे पंधरा हरले, तरी यंत्र जिंकल्याची घंटा वाजवते. आवाज चालू असताना खेळणाऱ्यांनी आपण जितक्या वेळा जिंकलो असे सांगितले, तो आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच फुगलेला निघाला. आवाज बंद असताना तो तितका फुगला नाही. हलगी आखाड्यात जे घडते तेच सांगते. ही घंटा जे घडले नाही ते सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. परंतु तीच घंटा पैसे नसलेल्या खेळांत राजरोस वाजते आहे, आणि ती ऐकणारे कान आठ-दहा वर्षांचे आहेत.

सातवी-आठवीच्या वर्गात याची तपासणी एका तासिकेत करता येते. कोणत्याही खेळाचे तीन मिनिटांचे चित्रण घ्यावे. अर्ध्या वर्गाला ते आवाजासह दाखवावे, अर्ध्याला आवाज बंद करून. दोन्ही गट वेगळ्या खोल्यांत. नंतर प्रत्येकाने खेळणारा किती वेळा जिंकला तो आकडा चिठ्ठीवर लिहावा, आणि शिक्षकांनी आधी मोजून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. ठेक्याची गती मोजायची असल्यास मुलांनी बाकावर टिचक्या मारल्या तरी चालते. खेळाच्या सुरुवातीला एका मिनिटात किती आणि शेवटी किती, एवढेच फळ्यावर लिहावे.