मिस्टर इंडियाला भेटलेला प्रकाश जातो कुठे?

मालाड पश्चिमेला ‘बॉम्बे टॉकीज कंपाउंड’ हे नाव आजही ऐकू येते. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बॉम्बे टॉकीज या चित्रसंस्थेचा स्टुडिओ येथे होता. अशोककुमार तेथे आले ते प्रयोगशाळेतील सहायक म्हणून. १९३६ सालच्या ‘जीवन नैया’ने ते नायक झाले. पुढे, १९५७ साली, त्यांनीच ‘मिस्टर एक्स’ या बोलपटात अदृश्य माणसाची भूमिका केली. १९६४ साली ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’मध्ये त्यांचे धाकटे बंधू किशोरकुमार अदृश्य झाले आणि १९८७ साली शेखर कपूर यांच्या ‘मिस्टर इंडिया’त अनिल कपूर. सलीम-जावेद यांनी लिहिलेला हा शेवटचा चित्रपट आजही मुले आवडीने पाहतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारतात, “सर, असे खरेच होऊ शकते का?”

“छे, सगळे खोटे!” हे उत्तर बरोबर असले तरी शिक्षकाच्या कामाचे नाही. विज्ञानकथेचे परीक्षण वेगळ्या पद्धतीने करावे लागते. लेखकाने एक अशक्य गोष्ट गृहीत धरली, तर ती मान्य करावी. मात्र त्या गृहीतकाची किंमत तो पुरती चुकवतो का, हे तपासावे. अदृश्यतेच्या बाबतीत त्यासाठी एकच प्रश्न पुरतो: प्रकाश गेला कुठे?

वस्तूवर पडलेला प्रकाश परावर्तित होतो, शोषला जातो किंवा आरपार जातो. सगळा प्रकाश शोषला गेला तर वस्तू अदृश्य होत नाही, काळीकुट्ट दिसते. म्हणून अदृश्य होण्याचे मार्ग दोनच. प्रकाश शरीरातून सरळ आरपार जाऊ द्यायचा किंवा तो शरीराला वळसा घालून पुन्हा मूळ वाटेला लावायचा.

एच. जी. वेल्स यांनी १८९७ सालच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबरीत पहिला मार्ग निवडला. पारदर्शक वस्तूही आपल्याला दिसते, कारण तिचा आणि हवेचा अपवर्तनांक वेगळा असतो. हवेतून काचेवर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो. तीच काच पाण्यात बुडवली तर हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. वडापावच्या कागदावर तेलाचा डाग पडतो आणि तेवढा भाग अर्धपारदर्शक होतो, त्याचे कारण हेच. कागदाच्या तंतूंमधील हवेची जागा तेलाने घेतली की दोन अपवर्तनांकांतील फरक कमी होतो आणि प्रकाशाचे विखुरणे घटते. बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी शुद्ध ग्लिसरिनने भरून ग्लिसरिनच्याच चंचुपात्रात बुडवावी. दोहोंचा अपवर्तनांक सुमारे १.४७ असल्याने बुडालेला भाग जवळजवळ दिसेनासा होतो. वर्गात हमखास टाळ्या घेणारा प्रयोग आहे हा.

वेल्स यांनी किंमतही बरीच चुकवली आहे. त्यांच्या नायकाचे कपडे अदृश्य होत नाहीत, म्हणून त्याला लंडनच्या थंडीत उघडे फिरावे लागते. पापण्याही पारदर्शक झाल्याने डोळे मिटून उपयोग होत नाही. पण एक बिल पूर्ण फेडलेले नाही, आणि रशियन लेखक याकोव पेरेलमन यांनी नेमके त्यावर बोट ठेवले: अदृश्य माणूस आंधळा असणार! स्वच्छमंडल आणि नेत्रभिंग प्रकाश वळवतात, कारण त्यांचा अपवर्तनांक हवेपेक्षा जास्त असतो. तो हवेइतका झाला की प्रतिमाच तयार होणार नाही. शिवाय पाहण्यासाठी दृष्टिपटलाने प्रकाश शोषावा लागतो, आणि प्रकाश शोषणारा भाग दिसणारच. वेल्स यांना याची जाणीव असावी, कारण त्यांनी नायकाच्या दृष्टिपटलामागे रंगद्रव्याची अगदी पुसट छटा शिल्लक ठेवली आहे. डोळ्यांपुरती ही सवलत आमच्या तिन्ही ‘मिस्टरां’नी न मागताच घेतली.

आता ‘मिस्टर इंडिया’कडे वळू. येथे रसायन नाही, वडिलांनी शोधलेले मनगटी यंत्र आहे. ते अंगावरचे कपडे लपवते, पण हातात घेतलेली हनुमानाची मूर्ती लपवत नाही. सदरा आणि मूर्ती यांत प्रकाश हा भेद कसा करतो, याचे उत्तर चित्रपटात नाही. उत्तर दिले असते तर तो विनोदी प्रसंगही उरला नसता, हे मान्य!

मात्र या चित्रपटाची एक अट फार मोलाची आहे. लाल प्रकाशात नायक दिसतो. अदृश्यता तरंगलांबीवर अवलंबून असू शकते, हे त्यात ओघाने आले. पण येथेही किंमत अर्धीच चुकवली आहे. सूर्यप्रकाशात लाल रंग असतोच, साध्या बल्बच्या प्रकाशातही असतो. तेव्हा बाकीचे रंग आरपार गेले आणि लाल तेवढा परतला, तर हा नायक भर उन्हात भुतासारखा अर्धवट दिसेल, आणि निव्वळ लाल दिव्याखाली पूर्ण. मुलांकडून हे ताडून घेता येईल. पांढऱ्या कागदावर लाल आणि हिरव्या पेनाने अक्षरे लिहून ती लाल जिलेटिन कागदातून पाहावीत. लाल अक्षरे जवळपास नाहीशी होतात, हिरवी काळी दिसतात. लाल कागद नवा प्रकाश निर्माण करत नाही, फक्त इतर रंग अडवतो.

दुसरा मार्ग वळसा घालण्याचा. मे महिन्यात पश्चिम द्रुतगती महामार्गावर दूरवर पाणी असल्याचा भास होतो. रस्त्यालगतच्या तापलेल्या हवेचा अपवर्तनांक वरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो, म्हणून आकाशाकडून येणारे किरण वळून आपल्या डोळ्यांत शिरतात. अपवर्तनांक टप्प्याटप्प्याने बदलला की प्रकाशाची वाट वळते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे जॉन पेंड्री यांनी हेच तत्त्व गणिताने पुढे नेले, आणि २००६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डेव्हिड शुरिग, डेव्हिड स्मिथ व सहकाऱ्यांनी तांब्याच्या लहान कड्यांची रचना वापरून त्याचा पहिला प्रयोग केला. त्यांनी तांब्याचा एक दंडगोल सुमारे साडेतीन सेंटिमीटर तरंगलांबीच्या सूक्ष्मतरंगांपासून बऱ्याच अंशी लपवला. सावली कमी झाली, संपली नाही. हे आवरणही जवळपास एकाच वारंवारतेला काम देत होते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. तेथे अशा कड्या त्याहून बारीक हव्यात आणि सगळ्या रंगांना एकाच वेळी फसवायला हवे. म्हणजे खरे आवरण एका ‘रंगात’ लपवते आणि बाकीच्यांत उघडे पाडते. मिस्टर इंडियाचे यंत्र बरोबर उलटे आहे! शिवाय प्रकाश पूर्ण वळसा घालून गेला, तर आत बसलेल्यालाही बाहेरचे काही दिसणार नाही. आंधळेपण याही वाटेने सुटत नाही.

हे सारे केवळ चित्रपटापुरते नाही. २०१७ च्या अखेरीस अंगापुढे कापड धरताच माणूस नाहीसा होतो, अशी एक चित्रफीत जगभर फिरली. तिला ‘क्वांटम’ असे भारदस्त विशेषणही जोडले होते. प्रत्यक्षात ती चित्रसंपादनाची करामत होती. अशी चित्रफीत मुलांनी दाखवली तर तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. प्रकाश आरपार गेला की वळसा घालून गेला? सगळ्या रंगांचा गेला का? आणि आतल्या माणसाला काय दिसत असेल? मोगॅम्बो खूश होवो न होवो, हे तीन प्रश्न विचारणारा विद्यार्थी सहजासहजी फसणार नाही.