घाबरलेला पुरुष मराठी थरारपटात का नाही?

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर नवरदेवांचा मोर्चा गेला. ज्योती क्रांती परिषदेने काढलेल्या या मोर्चात लग्न न जमलेले तरुण मुंडावळ्या बांधून आले होते, काही जण घोड्यावर बसले होते. गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी होती. तो कायदा १९९४ चा, आणि २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली ८९४. मागणी अगदी रास्त होती. बातमी मात्र सगळीकडे गंमत म्हणून फिरली.

या पोरांचे गाव डोळ्यासमोर आणायचे तर माढा तालुका घ्यावा. उजनीचे पाणी आहे, ऊस आहे, पिंपळनेरला कारखाना आहे, कुर्डुवाडीला जंक्शन आहे. तरीही बैठकीत ‘पोरगा काय करतो?’ याला ‘शेती’ असे उत्तर आले की मुलीकडचे चहा संपवून उठतात. सातबारा वडिलांच्या नावावर, भरतीचे वय निसटत चाललेले, धाकट्या भावासाठीही आता स्थळ बघायला लागलेले. तिशीतला माणूस रोज पारावर बसतो आणि रोज कोणीतरी विचारते, ‘काय, औंदा तरी?’ थरारपटाला याहून वेगळा कोणता ताण लागतो? पण मराठी पडद्यावर हा माणूस आला तो विनोदी चित्रपटात. ‘आटपाडी नाइट्स’ने (२०१९) नवरदेवाच्या लैंगिक न्यूनगंडाला हात घातला, ‘नवरदेव बीएस्सी अ‍ॅग्री’ने (२०२४) शेतकरी मुलाच्या रखडलेल्या लग्नाला. दोन्हींत धाडस आहे, पण हसवत पुढे नेण्याची सक्तीही आहे. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ने तोच बाजार मुलीच्या बाजूने दाखवला आणि हसू घशात अडकवले. मुलाच्या बाजूने तसे अजून कोणी केलेले नाही.

याचे कारण थरारपटाच्या आपल्या परंपरेत आहे. मन बिघडायचे ते बाईचे, आणि उलगडा करायचा तो पुरुषाने, ही वाटणी ‘हा खेळ सावल्यांचा’पासून (१९७६) चालत आली. आशा काळे यांच्या वाट्याला छाया, काशिनाथ घाणेकर यांच्या वाट्याला निदान. जवळपास पन्नास वर्षांनी आलेल्या ‘जारण’मध्ये (२०२५) अमृता सुभाष यांनी थक्क करणारे काम केले, पण मनाचा भार तिथेही बाईच्याच खांद्यावर आहे. भीती वाटणे हा आपल्याकडे बाईचा प्रांत ठरून गेला आहे. पुरुषाला पडद्यावर राग येतो, अपराधी वाटते, तो कट रचतो. घाबरत नाही.

निदान रागाचा इतिहास तरी भक्कम आहे. ‘अर्धसत्य’ (१९८३) हिंदी असला तरी त्याची हाडे मराठी आहेत: श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्रे यांची कविता. फौजदार अनंत वेलणकर आईला मारणाऱ्या हवालदार बापाचा मुलगा. सत्तेपुढे आपले काही चालत नाही हे कळते तेव्हा तो कोठडीतल्या माणसावर हात टाकतो. पौरुष हे शौर्य नसून लाचारी झाकण्याची धडपड आहे, हे भारतीय चित्रपटात इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडले गेले. निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) त्याच रस्त्याने लोकलमध्ये चढला. हॉलिवूडच्या ‘फॉलिंग डाऊन’शी (१९९३) त्याचे नाते उघड आहे, पण माधव आपटे हा प्रामाणिक बँक कर्मचारी पुरता आपला आहे. प्रामाणिकपणाचे घरात कौतुक नाही, बाहेर किंमत नाही. मग हातात क्रिकेटची बॅट येते. चित्रपट गाजला तो त्या बॅटमुळे, आणि माझ्या मते तिथेच तो थोडा हुकतो. प्रेक्षकाला फटक्याचा आनंद मिळतो आणि आपटेला आधी कशाची दहशत बसली होती, हा प्रश्न मागे पडतो.

पुढच्या पिढीने आवाज खाली आणला. निखिल महाजन यांच्या ‘पुणे ५२’मध्ये (२०१३) १९९२ चे पुणे आहे. बाजार उघडतो आहे आणि गिरीश कुलकर्णी यांचा खासगी गुप्तहेर अमर आपटे लोकांचे संसार दुर्बिणीतून बघत स्वतःचा हरवतो आहे. कमाई न जमणारा नवरा बायकोच्या नजरेला नजर देऊ शकत नाही, हे त्या चित्रपटाने अंधाऱ्या खोल्यांतून सांगितले. सुहास शिरवळकर यांच्या कादंबरीवरच्या ‘समांतर’ मालिकेत (२०२०) आपले आयुष्य दुसऱ्या कोणी आधीच जगून ठेवले आहे, या कल्पनेने कुमार महाजनच्या कर्तेपणाची हवाच काढून घेतली. आणि परेश मोकाशी यांच्या ‘वाळवी’ने (२०२३) बायकोचा काटा काढायला निघालेल्या नवऱ्याची अशी फजिती केली की त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच वाटला. मोकाशींना एक नेमके कळले आहे: स्वतःला हुशार समजणारा पुरुष घाबरला की सर्वांत मूर्ख चाल खेळतो. पण ही सगळी माणसे शहरातली आहेत, बंद दारामागची. त्यांना बघणारे कोणी नाही.

गावात मात्र बघणारे सगळेच असतात. म्हणून गावाकडे गेलेले मोजके चित्रपट मला या विषयात जास्त खोल वाटतात. पहिला ‘आक्रीत’ (१९८१), मानवतच्या १९७२ ते १९७४ मधल्या हत्यांवर बेतलेला. पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. ‘रजनीगंधा’, ‘गोलमाल’मधला सालस मध्यमवर्गीय नायक म्हणून घराघरांत पोचलेल्या अमोल पालेकर यांनी दिग्दर्शनातल्या पहिल्याच चित्रपटात स्वतःला बळी मागणाऱ्या हव्यासाच्या शेजारी उभे केले. पैसा, मूल, गावातला दबदबा: मर्दपणाचे तिन्ही दाखले हवेत म्हणून कोवळ्या मुली मरतात. त्याच प्रकरणावरची ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका (२०२४) चांगली बांधलेली आहे, पण ती तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या बुद्धीमागे जाते. तेंडुलकर गुन्ह्याच्या पोटात शिरले होते, मालिका गुन्ह्याची उकल करून थांबते. चाळीस वर्षांत आपण धीट झालो की सावध?

दुसरा सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९). त्याला कोणी थरारपट म्हणत नाही, पण रचना तीच आहे. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिला, आता आपला नवरा देईल, या धास्तीने अलका घरातल्यांना किसनाच्या मागावर ठेवते. तो रानात निघाला की पोरगा मागे. दोरी दिसली, कीटकनाशकाचा डबा दिसला की आपलाही श्वास अडकतो. इथे पुरुषाचे कोसळणे खरोखर भीतीदायक होते, पण गंमत बघा, भीती पुन्हा बायकोनेच वाहायची. किसना स्वतःच्या तोंडाने ती कधी कबूल करत नाही.

तिसरे उदाहरण प्रेमकथेतले. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे आजच्या माढा लोकसभा मतदारसंघातलेच. ‘सैराट’च्या (२०१६) शेवटी पळून गेलेल्या आर्चीच्या दारात येणारी माहेरची माणसे चवताळलेली नसतात. भेटवस्तू आणतात, चहा घेतात. आपल्याकडचा सर्वांत गारठवणारा मानसशास्त्रीय थरार त्या काही मिनिटांत आहे, कारण तिथे पौरुष रागाने नव्हे तर कर्तव्य पार पाडावे तसे शांतपणे काम करते. मंजुळे यांनी त्या माणसांच्या मनात जायचे टाळले आणि त्या चित्रपटापुरते ते बरोबर होते, कारण तो चित्रपट मेलेल्यांचा आहे. पण वर्गात शिक्षकाच्या कानाखाली वाजवणारा आणि त्याबद्दल बापाची शाबासकी मिळवणारा आर्चीचा भाऊ प्रिन्स त्या दारापर्यंत कसा पोचला? बहीण पळून गेल्यावर गावातून चालताना त्याला काय काय ऐकू येत असेल? हा चित्रपट अजून कोणी केलेला नाही.

करता येतो, हे मल्याळम चित्रपटांनी दाखवले आहे. ‘कुंबलंगी नाइट्स’मधला (२०१९) आरशात मिशी निरखणारा शम्मी, किंवा दिलीश पोथन यांच्या ‘जोजी’मधला (२०२१) बापाच्या धाकाखाली झुरणारा धाकटा मुलगा, दोघेही घरातलेच आहेत. ‘जोजी’त शेक्सपिअरचा मॅकबेथ रबराच्या मळ्यात उतरतो. त्याला उसाच्या फडात उतरायला काय हरकत आहे? बागायतदार बाप, नावावर काही नसलेले मुलगे, कारखान्याच्या निवडणुका, सगळे तयार आहे. ‘लपाछपी’ने (२०१७) उसाच्या फडातली वाट हरवण्याची भीती वापरून मुलग्याच्या हव्यासाचे भूत दाखवलेही, पण तिथेही फडात धावते ती गरोदर बाईच.

अडचण पैशांची किंवा कसबाची नाही. नायकाच्या हातात शेवटी बॅट, कोयता किंवा पिस्तूल दिले नाही तर प्रेक्षक त्याला कमजोर ठरवेल, ही निर्माता-दिग्दर्शकांची धास्ती आहे. म्हणजे पडद्यावरच्या पुरुषाचा आजार पडद्यामागच्यांनाही जडला आहे. पुढचा चांगला मराठी थरारपट कोणता, हे मी एवढ्यावरूनच ओळखेन: त्यातल्या माणसाला भीती वाटेल, तो ती कोणाजवळ तरी बोलून दाखवेल, आणि तसे बोलणे त्याच्या गावात खुनाहून मोठे धाडस ठरेल.