संहिता की प्रयोग? : इमारतींच्या ऊर्जा-मूल्यमापनातील एक अर्थदोष

व्यापारी इमारतींना त्यांच्या ऊर्जेच्या खर्चाविषयी श्रेणी देण्याची पद्धत आता अनेक देशांत रूढ झाली आहे. हा विषय स्थापत्याचा व यंत्रशास्त्राचा. त्यात भाषेच्या अभ्यासकाने का पडावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु या प्रमाणपत्रांत एक शब्द असा आहे, की त्याच्या संदिग्धतेवर आज भाडेकरारांचे भवितव्य अवलंबून आहे. तो शब्द ‘परफॉर्मन्स’ हा होय. त्याचे परीक्षण करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशास अनुसरून इंग्लंड व वेल्समध्ये दोन प्रकारची पत्रके प्रचारात आली. पहिले ‘एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट’. इमारत नवी बांधली, विकली अथवा भाड्याने दिली म्हणजे ते लागते, व ते दहा वर्षे चालते. मूल्यमापक भिंती, छप्पर, काचा, दिवे, वातानुकूलनाची यंत्रे यांची नोंद घेतो व ती संगणकास पुरवितो. इमारत किती तास व कशी वापरली जाईल, हे मात्र ठरीव गृहीतकांवरून धरले जाते. मग एका कल्पित संदर्भ-इमारतीशी तुलना होऊन ‘ए’ ते ‘जी’ यांपैकी एक श्रेणी मिळते. या साऱ्या व्यवहारात मीटरकडे कोणी पाहत नाही. दुसरे पत्रक सार्वजनिक इमारतींच्या दर्शनी भागी लावावयाचे असते. ते बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष मीटर-नोंदींवर आधारलेले असते. खाजगी कचेऱ्यांना ते सक्तीचे नाही.

इंग्रजीने जे एका शब्दात कोंबले आहे, ते मराठी सहज वेगळे करते. नाटकाची ‘संहिता’ निराळी व ‘प्रयोग’ निराळा. संहिता वाचून प्रयोगाचे परीक्षण लिहिणाऱ्यास आपण समीक्षक म्हणणार नाही. भाषाशास्त्रातही चॉम्स्की यांनी १९६५ मध्ये हाच भेद ‘क्षमता’ व ‘प्रयोग’ असा मांडला. त्यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर पहिले पत्रक मोजते क्षमता, आणि नाव सांगते प्रयोगाचे.

हा दोष केवळ नावाचा असता, तर त्याची उपेक्षा करता आली असती. तथापि १ एप्रिल २०१८ पासून ‘ई’ हून खालच्या श्रेणीची व्यापारी इमारत नव्याने भाड्याने देण्यास, काही अपवाद वगळता, तेथे बंदी आली. १ एप्रिल २०२३ पासून तीच बंदी चालू भाडेपट्ट्यांनाही लागू झाली. इकडे लंडनमधील मालमत्ताधारकांच्या ‘बेटर बिल्डिंग्ज पार्टनरशिप’ने जोन्स लँग लासालसह २०१२ मध्ये दोनशेहून अधिक इमारती तपासल्या, तेव्हा मिळालेली श्रेणी व प्रत्यक्ष वापर यांत फारसा संबंधच आढळला नाही. म्हणजे कायदा ज्या गुणावरून शिक्षा करतो, तो गुण कायद्याच्या हेतूशी अपरिहार्यपणे निगडित नाही. वीज उधळणारी नवी इमारत सुटते आणि जुन्या, पण काटकसरीने वापरलेल्या इमारतीवर बंदी येऊ शकते.

पहिल्या पत्रकाच्या बाजूने एक आक्षेप घेतला जाईल, व तो क्षुल्लक नाही. भाडेकरू रात्रभर दिवे जाळीत असेल, तर त्याचा दोष भिंतींच्या माथी का मारावा? याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील ‘नेबर्स’ पद्धतीत मिळते. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दुसऱ्या नावाने सुरू झालेली ही पद्धत बारा महिन्यांच्या मीटर-नोंदींवर चालते. परंतु मालकाच्या ताब्यातील मूळ इमारत व भाडेकरूची जागा यांना ती निरनिराळे तारे देते. प्रयोग कोणाचा, हे ठरविल्याने न्याय साधला जातो. प्रयोगाकडे पाठ फिरविल्याने नव्हे.

आपल्याकडे ऊर्जा-संरक्षणाची इमारत-संहिता २००७ मध्ये आली व कचेऱ्यांसाठी ताऱ्यांची ऐच्छिक योजना २००९ मध्ये. पहिली आराखडा तपासते. दुसरी वर्षाकाठी दर चौरस मीटरला किती युनिट वीज खर्ची पडली ते पाहते. मुंबई मोडते त्या उष्ण-दमट प्रदेशासाठी मापे स्वतंत्र आहेत. संहिता व प्रयोग यांची ही फारकत अर्थदृष्ट्या निर्दोष आहे. तरी क्षेत्रफळाने भागण्यात एक उणीव राहते : अर्धी रिकामी कचेरीही ‘गुणी’ ठरू शकते. रात्रंदिवस चालणाऱ्या कॉल सेंटरांसारख्या इमारतींसाठी तासागणिक मोजणारे वेगळे माप स्वीकारावे लागले, ही त्या उणिवेचीच एका परीने कबुली होय.

सारांश, मराठीत परिभाषा घडविताना दोहोंसाठी ‘कार्यक्षमता’ हा एकच शब्द योजू नये. आराखड्यावरून काढलेल्या अंकास ‘ऊर्जाक्षमता’ व मीटरवरून काढलेल्या अंकास ‘ऊर्जावापर’ म्हणावे. शब्द बदलल्याने वीज वाचत नाही, हे खरे. परंतु ज्याचे मापन झालेलेच नाही ते मोजले असे म्हणण्याची सोय तरी त्यामुळे राहणार नाही.