‘तारे जमीं पर’ मधील मास्तर

‘तारे जमीं पर’ या 2007 सालच्या हिंदी बोलपटांतील निकुंभ मास्तर ईशानकडून वाळूंत अक्षरें गिरवून घेतात, मातीचीं अक्षरें घडवितात, पायऱ्यांवर चढउतार करवून गणित शिकवितात. पद्धति खरी आहे. विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणांत ती असतेच. आमचा आक्षेप निराळा. महिनोन्महिन्यांचें हें गिरविणें पडद्यावर कांहीं मिनिटांत उरकतें, आणि शिक्षकाचें खरें काम तर तेंच! अक्षर आज आलें, उद्यां गेलें, परवां पुन्हां पहिल्यापासून. हा कंटाळा दिग्दर्शकानें गाळला आहे.

त्यास लागणारा अखंड काळ किती दुर्मिळ, हें इंदापूर तालुक्यांतील सणसरकडे पाहिलें म्हणजे कळेल. शेजारीं भवानीनगरचा साखर कारखाना. गळीत सुरू होतांच ऊसतोड कामगारांचीं बिऱ्हाडें येतात, हंगाम सरतांच जातात. त्यांतील एखाद्या ईशानास ‘ब’ आणि ‘व’ यांतील भेद उमजूं लागतो न लागतो, तोंच बिऱ्हाड हलतें. 2016 च्या कायद्यानें अध्ययन-अक्षमतेस अपंगत्वाच्या 21 प्रकारांत स्थान दिलें खरें; परंतु त्या मुलाचें गिरविणें कोठवर आलें होतें, हें पुढच्या गांवच्या मास्तरांस कोण सांगणार? निकुंभांचा विद्यार्थी वसतिगृहांत होता. तो मध्येंच उठून जाणार नव्हता.